सदुसष्ट शतांश सेकंद

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि ‘टायमिंग’ हा शब्द किती वेळा आला आहे ते मोजले. अकरा वेळा आला आहे. झोप, भूक, खांदा, पाळी यांपैकी एकाही शब्दाला चार पानांत जागा मिळालेली नाही. आठशे मीटर फ्रीस्टाइलमधली तुझी वेळ गेल्या चौदा महिन्यांत एका सेकंदानेही उतरलेली नाही, तेव्हा आता प्रकार बदलावा की पोहणेच सोडावे, असे तू विचारतेस. याचे उत्तर एका शब्दात देता येईल, पण तसे दिले तर वर्षभराने तू हाच प्रश्न पुन्हा घेऊन येशील. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेच्या केटी लेडेकीचा दाखला तूच दिला आहेस, तर तिच्यापासूनच सुरुवात करू. २०१२ साली लंडनमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने आठशे मीटर ८ मिनिटे १४.६३ सेकंदांत पोहून पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. चार वर्षांनी रिओमध्ये तिने तीच शर्यत ८ मिनिटे ४.७९ सेकंदांत संपवली, म्हणजे जवळजवळ दहा सेकंद कमी केले. तुझा हिशेब इथे थांबतो, आणि तुझ्यासारख्या बहुतेक मुलींचा इथेच थांबतो. रिओतला तो विश्वविक्रम पुढे तिनेच मोडला, पण कधी? मे २०२५ मध्ये, ८ मिनिटे ४.१२ सेकंदांत. पहिल्या चार वर्षांत दहा सेकंद, आणि नंतरच्या पावणेनऊ वर्षांत सदुसष्ट शतांश! मधल्या काळात पॅरिसला तिने आठशेचे सुवर्ण घेतले तेव्हाची वेळ ८ मिनिटे ११.०४ सेकंद होती, म्हणजे रिओपेक्षा सहा सेकंदांहून अधिक हळू. तुझ्या मोजमापाने ती २०१६ पासून एका जागी अडकलेली आहे, आणि याच अडकलेल्या काळात तिची ऑलिंपिक सुवर्णपदके पाचांवरून नऊंवर गेली.

आता तुझ्या शरीराकडे येते, कारण चौदा महिन्यांचे कोडे मुख्यतः तिथे आहे. तू या काळात पाच सेंटिमीटरने वाढलीस, कंबर रुंदावली, वजन वाढले. पाण्यात आडवे, सरळ आणि हलके राहायला जे शरीर तू शिकवले होतेस ते आता राहिलेले नाही. नव्या शरीराचा तोल निराळा आहे आणि त्याला पाण्याचा विरोधही अधिक होतो. याच वयात मुलांना स्नायूंचे बळ वाढीबरोबर आयते मिळते, त्यामुळे त्यांची वेळ उतरत राहते आणि तुमच्या गटातले मुलगे तुझ्यापुढे गेल्याचे तुला दिसते. मुलीला ते बळ दोन-तीन वर्षे खपून कमवावे लागते. सगळ्यांच्या बाबतीत असेच घडते असे नाही. हंगेरीच्या क्रिस्तिना एगेर्सेगीने १९८८ साली चौदाव्या वर्षी दोनशे मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्ण घेतले आणि १९९२ व १९९६ मध्येही ते आपल्याकडेच ठेवले. परंतु तुला उपयोगी पडेल ती गोष्ट स्वीडनच्या सारा श्योस्त्रोमची आहे. पंधराव्या वर्षी, २००९ मध्ये, तिने शंभर मीटर बटरफ्लायचा विश्वविक्रम केला. तीन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत ती चौथी आली. तेव्हा तिला संपलेली म्हणणे किती सोपे होते! रिओत तिने ती शर्यत विश्वविक्रमासह जिंकली. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फावर घसरून तिचे कोपर मोडले, तरी त्याच वर्षी टोकियोत पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे रौप्य तिच्या गळ्यात होते. आणि पॅरिसमध्ये, तिसाव्या वर्षी, पन्नास व शंभर मीटर फ्रीस्टाइलची दोन्ही सुवर्णे. त्यातली शंभर मीटरची शर्यत पोहायचा तिचा मुळात बेतही नव्हता.

तुमचे कोच दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन करतात आणि आकडा मोठ्याने वाचतात, हे तू कंसात, जाता जाता लिहिले आहेस. ते कंसात लिहिण्यासारखे नाही. सतरा वर्षांची असताना मीही अशाच एका काट्यावर उभी राहत असे. आदल्या रात्री जेवण टाळायचे आणि सकाळी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हे आम्हा मुलींचे ठरलेले होते, आणि आकडा खाली आला की शाबासकी मिळे. माझी पाळी सात महिने बंद होती. धीर करून सांगितले तेव्हा ‘बरे झाले, एक कटकट गेली’ असे उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले. आठव्या महिन्यात दोरीवरच्या उड्या मारताना डाव्या नडगीत कळ आली. हाडाला बारीक चीर गेली होती. पाण्यात पोहणाऱ्या मुलीच्या पायाचे हाड का चिरावे, असा प्रश्न त्या वेळी कोणालाही पडला नाही. माझा पूर्ण हंगाम बुडाला. सराव मोठा आणि आहार अपुरा असला की शरीर आधी पाळी बंद करते, मग हाडांतून उसनवारी करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला रीतसर नाव देऊन ती साऱ्या खेळांपुढे मांडली. तेव्हा पाळीची तारीख सरावाच्या वहीत लिहीत जा आणि सलग तीन महिने चुकली तर डॉक्टरांकडे जा. खरे तर दुसऱ्याच महिन्यात गेलीस तर उत्तम. यात लाजण्याजोगे काही नाही. रिओमध्ये रिलेत चौथे आल्यावर चीनच्या फू युआनहुईने, काल पाळी आली आणि आज थकवा होता, असे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे सरळ सांगितले होते. वजन करायचेच असेल तर ते बंद खोलीत, डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांसमोर व्हावे, हे तुझ्या आईवडिलांनी कोचशी बोलावे. तू एकटीने बोलू नकोस.

तू पाठवलेल्या दोन चित्रफिती मी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. मागच्या वर्षीच्या शर्यतीत सातव्या शंभरात तू एका लांबीला ४९ स्ट्रोक, म्हणजे हाताचे फटके, घेत होतीस. या वर्षी तिथेच ४५ घेतेस. घड्याळाने दोन्ही शर्यतींना जवळपास तीच वेळ दिली, म्हणून तुला वाटले काही घडलेच नाही. प्रत्यक्षात वाढलेले शरीर घेऊन, चार स्ट्रोक वाचवून, तू त्याच वेळेत भिंतीला पोहोचलीस. मला विचारशील तर चौदा महिन्यांची कमाई ती हीच आहे. मागच्या वर्षी थकल्यावर तुझे कोपर आधी घसरत होते. पंजा पाण्यात शिरताच सगळा हात एकदम खाली येई आणि तळव्याखालून पाणी निसटून जाई. आता कोपर वर राहते, बोटे तळाकडे वळतात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात वल्ह्यासारखा पाणी मागे ढकलतो. उजव्या हाताबद्दल हे म्हणते आहे. डावा हात अजून सहाशे मीटरनंतर फसवतो, आणि त्याच बाजूचा खांदा दुखतो का, हे तू मला कळवलेले नाहीस.

जे तीन सेकंद तुला हवे आहेत ते मात्र मला दुसरीकडे दिसले. पन्नास मीटरच्या तलावात आठशे मीटरला पंधरा टर्न होतात, म्हणजे पंधरा वेळा भिंतीपाशी उलटून मागे फिरावे लागते. तू प्रत्येक टर्नच्या आधी, भिंतीला दोन स्ट्रोक उरले असताना, मान वर करून भिंत शोधतेस. त्यामुळे पाय खाली जातात. भिंतीला लाथ मारून निघालीस की पहिल्याच स्ट्रोकला श्वास घेतेस, त्यामुळे लाथेने दिलेला वेग तिथल्या तिथे मरतो. एका टर्नला पाव सेकंद गेला तरी पंधरा टर्नचे पावणेचार सेकंद होतात! तळावरच्या काळ्या रेषेच्या टोकाला आडवा पट्टा असतो, तो नेमका याचसाठी आखलेला असतो. भिंत त्याच्यावरून ओळखायची, डोके वर काढून नव्हे. आणि शेवटचा स्पर्शही शिकून घे. २००८ मध्ये बीजिंगला एक्केचाळीस वर्षांची डारा टॉरेस पन्नास मीटरला २४.०७ सेकंदांत आली आणि ब्रिटा श्टेफेन २४.०६ सेकंदांत; सुवर्ण आणि रौप्य यांत एका शतांशाचे अंतर होते. आठशेमध्ये अशी वेळ क्वचितच येते, पण निवड चाचणीत तिसरी आणि चौथी यांच्यात ती येते, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रकार बदलून दोनशेकडे जावे, या तुझ्या विचाराशी मी सहमत नाही. तुझा वेग दोनशेचा नाही. तुझी ताकद सहाशेनंतर दिसते. बदलच हवा असेल तर पंधराशे पोहून पाहा. पुरुषांची पंधराशे मीटर १९०८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि स्त्रियांची थेट टोकियोत, २०२१ मध्ये आली. मधल्या शंभरांहून अधिक वर्षांत किती जणींची खरी शर्यत त्यांना पोहायलाच मिळाली नाही, याचा मला अजूनही राग येतो. तुला ती मिळते आहे, तर निदान एक हंगाम तरी दे.

निवड चाचणीत सकाळची चारशेची शर्यत बिघडली म्हणून तू गाडीत बसून रडलीस आणि दुपारच्या हीटला, म्हणजे प्राथमिक फेरीला, उतरलीच नाहीस, हे मला तुझ्या पत्रातून नाही, तुझ्या आईकडून कळले. रडण्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. टोकियोमध्ये लेडेकी एका सकाळी दोनशे मीटरच्या अंतिम फेरीत पाचवी आली. ऑलिंपिकच्या वैयक्तिक अंतिम फेरीत ती पहिल्यांदाच पदकाविना राहिली. त्यानंतर साधारण तासाभरातच तिला पंधराशेच्या अंतिम फेरीला उभे राहायचे होते, आणि ती शर्यत तिने जिंकली. तेवढ्या वेळात काय करता येते ते माझ्या अनुभवावरून सांगते: लगेच सरावाच्या तलावात उतरून दहा-पंधरा मिनिटे सावकाश पोहायचे, ओला पोशाख बदलायचा, काही तरी खायचे आणि झालेल्या शर्यतीविषयी कोणाशीही बोलायचे नाही. कोचशीही नाही. कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी, वही उघडून. पुढच्या स्पर्धेत हे घडवून पाहा आणि मग मला कळव.

गोळ्या आणि भुकट्यांविषयी थोडक्यात लिहिते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी जलतरणाच्या तेरांपैकी अकरा शर्यती जिंकल्या. त्या देशातल्या कित्येक अल्पवयीन मुलींना जीवनसत्त्वे म्हणून जे दिले जात होते ते उत्तेजक द्रव्य होते, आणि त्याची किंमत त्यांच्या शरीरांनी पुढे आयुष्यभर मोजली. तेव्हा देणारी व्यक्ती कितीही विश्वासातली असली तरी डब्यावरचा मजकूर स्वतः वाच आणि क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही घेऊ नकोस. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हाच नियम आहे. मोठ्या पातळीवर गेलीस की उत्तेजकांची चाचणी अचानक घेता यावी म्हणून रोजचा ठावठिकाणा कळवावा लागेल, दिवसातला एक ठरावीक तास धरून, आणि बारा महिन्यांत तीन वेळा चुकलीस तर निर्दोष असूनही बंदी येते. लिथुआनियाची रूटा मेइलुटिटे पंधराव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली आणि २०१९ मध्ये नेमक्या याच कारणाने दोन वर्षे बाहेर बसली. परत येऊन ती पुन्हा जगज्जेती झाली, हेही लक्षात ठेव.

सोडण्याचा विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. ऑस्ट्रेलियाची शेन गूल्ड १९७२ मध्ये तीन वैयक्तिक सुवर्णे जिंकून सोळाव्या वर्षीच निवृत्त झाली. मिसी फ्रँकलिन सतराव्या वर्षी लंडनमध्ये चार सुवर्णे घेऊन आली, रिओत तिला एकाही वैयक्तिक अंतिम फेरीत पोहोचता आले नाही, आणि खांद्याच्या दुखण्याइतकेच मनाच्या दुखण्याविषयीही ती पुढे मोकळेपणाने बोलली. सकाळचा गजर वाजल्यावर तुला पोटात गोळा येत असेल, झोप मोडत असेल, पाण्यात उतरल्यावरही बरे वाटत नसेल, तर ती गोष्ट आठशेच्या वेळेपेक्षा मोठी आहे आणि ती मला आधी कळायला हवी. केवळ घड्याळ हलत नाही म्हणून सोडणार असशील, तर सोडू नकोस.

सध्या इतकेच कर. या रविवारी आणि पुढच्याही रविवारी पाण्यात उतरू नकोस. मंगळवारी सराव सुरू होण्याआधी, अंग मोकळे करून झाल्यावर, शंभर मीटरच्या आठ फेऱ्या, मध्ये पंधरा सेकंद विश्रांती घेऊन, अर्ध्या जोराने पोह. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या लांबीचे स्ट्रोक आणि त्या लांबीचे सेकंद दोन रकान्यांत लिही, आणि तिसऱ्या रकान्यात डावा खांदा कसा वाटला ते. भिंतीकडे मान वर केलीस त्या प्रत्येक वेळी एक फुली मार; खोटे लिहू नकोस, चित्रफीत मी मागवणारच आहे. ते पान मला बुधवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई