शहाबादी फरशीच्या खोलीत स्पीकरचा आवाज घुमतो. कमी खर्चात काय करता येईल?

सांगलीतील आपल्या घरी आवाज घुमत असेल, तर नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यापूर्वी खोलीकडे पाहावे, कारण उघडी फरशी आणि गिलाव्याच्या भिंती ध्वनी परत फेकतात व त्यामुळे शब्द अस्पष्ट होतात. स्पीकर आणि बसण्याची जागा यांच्या मध्ये जाड घोंगडे अंथरावे, खिडक्यांना भरीव पडदे लावावेत.

कोपऱ्यातील स्पीकरचा खर्ज भिंतींमुळे फुगतो. म्हणून ते दोन-तीन फूट पुढे ओढावेत, ट्वीटर (उंच स्वर देणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर आणावा आणि दोन स्पीकर व श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण साधावा. याला एक पैसाही लागत नाही आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.

एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर दोन्ही स्पीकरमधील कंप पावणारे पडदे परस्परविरुद्ध हलून खर्ज क्षीण होतो. लाल-काळी टोके अवश्य तपासावीत. महागड्या केबलच्या नादी लागू नये, तांब्याची साधी जाड वायर पुरते.

पारख करण्यासाठी तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावावे. तंतुवाद्यांचे मिरज आपल्या शेजारीच असल्याने खरी जवारी, म्हणजे तारांचा झणकारणारा नाद, तेथे ऐकून घेता येईल आणि घरी ती कितपत स्वच्छ उमटते, हे ताडता येईल.