गुरुवारचा माणूस

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं, मे महिन्यात निवृत्त झालात, आता गावाजवळच्या कारागृहात जाऊन बंद्यांना शिकवावं, चार चांगले शब्द सांगावेत असं मनात आहे. परवानगी कशी काढायची, तिथे नेमकं करायचं काय, आणि घरचे घाबरतात त्यांचं काय?

मी २०१२ पासून एका जिल्हा कारागृहात जातो. माझा छोटा छापखाना आहे. आमच्या एमआयडीसीत गुरुवारी वीज बंद, म्हणून छापखान्याला सुट्टी, म्हणून गुरुवार. यामागे यापेक्षा उदात्त कारण नव्हतं. पण आत माझं नाव फार थोड्यांना माहीत आहे, 'गुरुवारवाले भाऊ' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

परवानगीचं आधी उरकतो. एकट्याने अधीक्षकांच्या नावे अर्ज दिलात तर तो पुण्याच्या मुख्यालयाकडे जाईल आणि तुम्ही वाट बघत बसाल. त्यापेक्षा आधीपासून जाणाऱ्या एखाद्या संस्थेचा हात धरा. मुंबई-ठाण्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हेच काम करतो. तुमच्याकडे तसं कुणी नसेल तर सरळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात जा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) ऑफिस विचारा आणि सचिवांना भेटा. त्यांना विधी स्वयंसेवक लागतात आणि त्यांच्या योजनेत निवृत्त शिक्षकांचा उल्लेख नावानिशी आहे. प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं, आतल्या विधी सहाय्य केंद्रात बसता येतं. (चांगल्या वर्तणुकीचे, शिकलेले, लांब शिक्षेचे बंदीसुद्धा आत हेच काम करतात. त्यांच्याशी जुळवून घ्या, कुठल्या बराकीत कुणाचं काय अडलंय हे त्यांना तुमच्या आधी ठाऊक असतं.) पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होईल. अपमान वाटून घेऊ नका.

आता 'चार चांगले शब्द'. ताई, रागावू नका, पण ते घरी ठेवून या. आत येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना सुधारायलाच आलेला असतो. श्वास कसा घ्यावा, राग कसा गिळावा, आई-वडिलांचे उपकार कसे फेडावेत, सगळं सांगून झालेलं असतं. लोक शांत बसून ऐकतात, कारण तेवढा वेळ बराकीबाहेर काढता येतो. शिवाय ज्यांना तुम्ही सुधारायला निघालात त्यातल्या बहुतेकांवर अजून गुन्हा सिद्धच झालेला नसतो. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे आतल्या भाषेत 'कच्चे'. चारातले तीन. त्यांना तुमच्याकडून उपदेश नको असतो, पुढची तारीख कधी आहे ते कळायला हवं असतं.

हे मला एका माणसाने शिकवलं. चाळिशीचा, बांधकामावरचा मजूर, अंगठेबहाद्दर. मी त्याला बाराखडी शिकवत होतो, तो 'क' वरून पुढे सरकेना. एक दिवस त्याने बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "भाऊ, हे कमळ-बिमळ राहू द्या, यातलं काय ते वाचायला शिकवा." दोषारोपपत्राचं पान होतं. घड्यांवर अक्षरं पुसली होती. मग आम्ही त्याच पानावरून शिकलो. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं नाव, मग 'राहणार', मग गावाचं नाव. गावाच्या नावात चूक होती, भलताच तालुका पडला होता. ती त्याने स्वतः शोधून काढली. पेन्सिलीचं टोक त्या शब्दावर ठेवून तो बराच वेळ तसाच बसून राहिला. घरच्यांना साधी नोटीससुद्धा का पोचली नाही, हे त्या दिवशी आम्हाला दोघांनाही कळलं.

तुम्ही गणिताच्या, म्हणजे तुमची तर चंगळ आहे. आतल्या माणसाचं अर्धं आयुष्य हिशेबात जातं. किती दिवस झाले, किती माफी (शिक्षेत सूट) मिळाली, संचित रजेला (फर्लोला) किती राहिले, कॅन्टीनच्या खात्यावर किती उरले. एक नवा हिशेब तुम्हीच शिकवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात पहिल्यांदाच अडकलेल्या न्यायाधीन माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की तो जामिनाला पात्र. बाकीच्यांना निम्मा काळ. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही, हेही सांगायचं, नाहीतर खोटी आशा लागते. दिवस भरले की न्यायालयाकडे अर्ज करणं अधीक्षकांचं काम आहे, पण शेकडो माणसांच्या रजिस्टरात एखादं नाव राहून जातंच. तीन वर्षांचे दिवस किती, त्याचा तिसरा भाग किती, अटकेच्या तारखेपासून मोजा. असा भागाकार मी पाचवीतल्या पोरांनाही इतक्या आवडीने करताना पाहिलेला नाही.

जामिनाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बाहेरच्यांना वाटतं की जामीन झाला म्हणजे माणूस सुटला. एका पोराला एप्रिलमध्ये पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला होता, एक जामीनदार द्यायचा होता. ऑगस्टमध्ये तो माझ्यासमोर बसून वहीत चौकटी काढत होता. परभणीकडचा. भाऊ-भावजय ऊसतोडीच्या टोळीत, फोन नंबर दर हंगामाला नवा. गुन्ह्याच्या गावात जामीन राहील असं ओळखीचं कुणी नाही. इथे भाऊबंद असलेला माणूस आठवड्यात सुटतो, आणि ज्याला कुणी नाही तो मंजूर जामिनावर बसून राहतो. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितलंय की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारू नका आणि गरिबाला झेपणार नाही अशी रक्कम लावू नका. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात आणखी स्पष्ट केलं: जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृहाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्यात बंधपत्र झालं नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आली, तिच्या मूळ नियमांत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत होती. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. हे सगळं कागदावर आहे. त्या कागदापर्यंत या पोराचं नाव नेऊन पोचवणं एवढंच आपलं काम. आम्ही मुकादमाच्या मुकादमाला फोन करत करत भाऊ शोधला, आणि प्राधिकरणाच्या वकिलांनी अट बदलण्याचा अर्ज टाकला. पोरगा सप्टेंबरमध्ये सुटला. म्हणजे पाच महिने जास्तीचे.

तुम्हाला बहुधा महिला विभाग देतील. तिथलं जग वेगळं आहे. पुरुषाच्या मुलाखतीला बायको येते, आई येते, डबा घेऊन दोन एसट्या बदलून येते. बाईच्या मुलाखतीला फार तर म्हातारी आई, तीही गुडघे चालतात तोवर. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ आत असतात. त्याहून मोठी बाहेर मामाकडे किंवा बालगृहात, आणि त्यांना बहुतेक वेळा सांगितलेलं असतं की आई लांब कामाला गेलीय. आमच्या गटातल्या एका ताईंनी एका बाईला विचारलं, पत्र का लिहीत नाहीस? ती म्हणाली, पाकिटावर शिक्का असतो ना, पोस्टमन गावातलाच आहे. आपल्याला हे सुचलंही नसतं. तेव्हा पत्र लिहा म्हणून मागे लागू नका. फोनची सोय आहे का, 'गळाभेट' म्हणून मुलांना आत आणून आईला भेटवण्याचा कार्यक्रम होतो तो कधी आहे, मुलांना आणणार कोण, हे बघा.

काही गोष्टी मी चुकून शिकलो. तिसऱ्या वर्षी एका पोराने वहीतून घडी केलेला कागद दिला. "भाऊ, आईचा नंबर आहे. मी बरा आहे एवढंच सांगा." मी खिशात टाकला. बाहेर पडताना फाटकावरच्या हवालदाराने खिसा तपासला. नंबर आईचा नव्हता, त्याच्याच केसमधल्या साक्षीदाराचा होता. माझं येणं चार महिने बंद झालं, आणि माझ्यामुळे गटातल्या बाकी तिघांचंही. त्यात एक जण दहावीला बसलेल्या चौघांचं इंग्रजी घेत होता. त्या चौघांचा काय गुन्हा? तेव्हापासून चिठ्ठी नाही, निरोप नाही, तंबाखूची पुडी तर नाहीच. निरोप असेल तर कारागृहाच्या पत्रातून किंवा विधी सहाय्य केंद्राच्या नोंदीतून. पोरं गयावया करतात. नाही म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं.

दुसरं, 'काय केलंस?' हे विचारायचं नाही. सांगायचं असेल तर ते दोन-चार महिन्यांनी आपणहून सांगतात, त्यातलं निम्मं खरं असतं. तुम्ही न्यायाधीश नाही आणि वकीलही नाही. जातही विचारायची नाही. आत कामं जातीवर वाटली जायची, अमक्याने संडास धुवायचे आणि तमक्याने स्वयंपाक करायचा. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांतले असले भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द ठरवले. पारध्याच्या पोराकडे बघण्याची नजर मात्र निकालाने लगेच बदलत नाही. आपली तरी बदललेली असावी.

तिसरं, 'बघतो' म्हणायचं नाही. आपण बाहेर दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि विसरतो. आत 'बघतो' म्हणजे वचन. मी एकाला म्हणालो होतो, तुझ्या बहिणीला भेटायला सांगून बघतो. मग लग्नसराई आली, पत्रिकांची कामं आली, राहून गेलं. तो तीन गुरुवार दाढी करून बसत होता, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तो स्वतः मला काही बोलला नाही, फक्त वर्गाला यायचा थांबला.

सुटल्यानंतरचं काम मला आतल्या कामापेक्षा जड वाटतं. माणूस बाहेर येतो तेव्हा बहुतेक वेळा संध्याकाळ झालेली असते. हातात प्लास्टिकची पिशवी, अंगावर अटकेच्या दिवशीचेच कपडे, तेही आता ढगळ झालेले. फोन नंबर एकही पाठ नाही. आधार, लायसन, मोबाइल पोलिसांकडे मुद्देमालात. आधारशिवाय काम नाही, खोली नाही, सिमकार्ड नाही. म्हणून आम्ही पहिल्या आठवड्यात कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज टाकतो, नोकरीचं मग बघतो. स्वतःच्या खिशातून उसने देऊ नका. माझे तीन हजार बुडाले. पैशांचं काही वाटलं नाही, पण तोंड दाखवायला नको म्हणून तो माणूसही भेटायचा बंद झाला. अजून आत असलेल्याला कर्ज हवं असेल तर राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना आहे, १ मे २०२२ ला येरवड्यात सुरू झाली, शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला त्याच्या आतल्या मजुरीवर ५०,००० रुपयांपर्यंत सात टक्क्यांनी मिळतात.

घरच्यांच्या भीतीबद्दल: इतक्या वर्षांत माझ्या अंगावर कुणी धावून आलेलं नाही. त्रास झाला तो उन्हात फाटकाबाहेर ताटकळण्याचा. घरून निघून पोचलात आणि कळलं की आज झडती आहे, वर्ग नाही. असं होणार. बिचाऱ्या शिपायांवर चिडू नका, त्यांची ड्यूटी तुमच्यापेक्षा कठीण आहे आणि उद्या वर्गासाठी चार माणसं बराकीतून काढून देणार तेच आहेत.

घरचे आणखी एक विचारतील, आणि तो प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या पेठेत एक बाई आहेत, त्यांचा मुलगा भांडणात मारला गेला. त्यांनी एकदा मला दुकानात थांबवून विचारलं, "तुम्ही दर गुरुवारी त्यांच्याकडे जाता. माझ्याकडे कोण येतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चहाला जातो. त्या फार बोलत नाहीत. तुरुंगाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

बाकी तयारी साधी. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो मोडू नका. पंधरवड्यातून एकदाच जमणार असेल तर तसं आधीच सांगा. पेन्सिली घरूनच टोक करून न्या, शार्पनर त्याच्या पात्यामुळे आत जात नाही. आत जाताना आणि बाहेर येताना त्या मोजल्या जातात, त्यामुळे जितक्या नेल्या तितक्या परत आणा. तारेच्या वह्या चालत नाहीत, पिनाही नाहीत. मी कटाईत उरलेल्या कागदाच्या गोंदाने चिकटवलेल्या वह्या करतो, पत्ता कळवलात तर पन्नासेक पाठवून देईन. आधारची मूळ प्रत जवळ ठेवा. फोन शक्यतो घरीच ठेवून या. नाहीच जमलं तर आमच्याकडे फाटकासमोरचा टपरीवाला दहा रुपयांत सांभाळतो, तुमच्याकडेही असा कुणीतरी असेलच. त्याच्याशी ओळख करून ठेवा. आज कोण सुटलं, कुणाला घ्यायला कुणीच आलं नाही, हे सगळ्यात आधी त्याला कळतं.