लोरिस खरंच लाजतो का?

धरमपेठेतून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मुलीने प्रकल्पवहीत स्लेंडर लोरिसचं (दक्षिण भारतातल्या रानातला हा वीतभर प्राणी) चित्र चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'लाजवंती माकड. हा निशाचर प्राणी आहे.' बाईंनी 'माकड' खोडून 'वानर' केलं. घरी आल्यावर आजोबांनी 'निशाचर'वर बोट ठेवलं, निशाचर म्हणजे राक्षस, प्राणी कसा? आता वहीत नेमकं काय ठेवायचं?

आजोबांपासून सुरुवात करतो, कारण त्यांची बाजू भक्कम आहे. निशेला फिरतो तो निशाचर, इतका साधा शब्द. पण जुन्या वाङ्मयात तो आला की डोळ्यांपुढे लंकाच उभी राहते. रजनीचर आणि रात्रिंचर ही त्याची भावंडंही त्याच वळणाची. अमरकोशात राक्षसाच्या नावांच्या माळेत रात्रिंचर आहेच. पुढे जीवशास्त्राच्या मराठीने 'निशाचर' उचलला, घुबडाला आणि वटवाघळाला लावला, आणि शब्दाचं पाप धुतलं गेलं. आज तो निर्धास्त वापरावा. फक्त एक गंमत बघा. रामायणात निशाचर एका बाजूला, वानर दुसऱ्या बाजूला. बाईंच्या दुरुस्तीनंतर पोरीच्या वहीत दोन्ही सैन्यं एकाच प्राण्यात आली! रामटेकच्या पायऱ्यांवर प्रसादाच्या पुड्या हिसकणाऱ्या मंडळींना हे कळलं तर त्यांना काही आवडणार नाही.

आजोबांना एक परदेशी साक्षीदारही देतो. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या कार्ल लिनियसने १७५८च्या आपल्या वर्गीकरणात लोरिसला 'लेमूर टार्डिग्रेडस' म्हटलं. लेमुरेस म्हणजे प्राचीन रोमन लोकांच्या समजुतीतले, रात्री भटकणारे मृतात्मे. हे प्राणी रात्री हिंडतात, थोडे माणसासारखे दिसतात आणि सावकाश पावलं टाकतात, म्हणून हे नाव, असं कारण त्याने स्वतःच देऊन ठेवलं आहे. आज लेमूर म्हटलं की आपल्याला मादागास्कर बेटावरचे प्राणी आठवतात, पण ते नाव ठेवताना लिनियससमोर आपल्याकडचा हा लोरिस होता. 'लोरिस' हे नाव पुढे फ्रेंचांनी रूढ केलं. ते बहुधा डच भाषेतल्या बावळट, विदूषक अशा अर्थाच्या शब्दावरून आलं. म्हणजे युरोपात आधी भूत, मग बावळट. आणि आपण म्हणतो लाजवंती.

आता माकड की वानर. आपल्या बोलण्यात फरक स्पष्ट आहे: लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, खेड्यात 'वान्नेर'. लोरिस दोन्ही नाही. त्याला शेपूट जवळजवळ नाहीच. नाकाचा शेंडा कुत्र्यासारखा ओला. खालचे पुढचे दात फणीसारखे आडवे, केस विंचरायला. पायाच्या दुसऱ्या बोटाला तेवढी नखी, बाकी बोटांना आपल्यासारखी चपटी नखं. मराठी विश्वकोशातला 'नरवानर गण' हा शब्द पुरेसा ऐसपैस आहे, त्यात माणूस, माकड, वानर, लोरिस सगळे मावतात. पण त्या घरात लोरिस आणि लेमूर यांची खोली वेगळी.

तरीही 'माकड' लिहिलं म्हणून मी गुण कापले नसते. मराठीत खवल्या मांजर हे मांजर नाही, उदमांजरही नाही. नीलगाय गाय नाही (आपण विदर्भातले लोक तिला रोही म्हणतो आणि वाद मिटवतो). तेलुगूत तर लोरिसला 'देवांग पिल्ली' म्हणतात, आणि पिल्ली म्हणजे मांजर. लोकांनी ठेवलेल्या नावाला वर्गीकरण शिकवायला जाऊ नये. शिवाय 'माकड' शब्दात एक योगायोग आहे. संस्कृत मर्कट, त्यावरून प्राकृत मक्कड, त्यावरून माकड. आणि संस्कृतात मर्कट म्हणजे कोळीही, त्यातूनच हिंदीची मकडी आली. चार काड्यांसारखे हातपाय पसरून फांदीवरून सरकणारा लोरिस बघितला की दोन्ही अर्थ एकदम पटतात.

माझी खरी तक्रार 'लाजवंती'बद्दल आहे. हिंदीतली शर्मीली बिल्ली, बंगालीतला लज्जावती बानर, आसामीतला लाजुकी बांदर, ही सगळी नावं मुळात ईशान्य भारतातल्या स्लो लोरिसकडे बोट दाखवतात. तो जाडसर, गुबगुबीत, वेगळा प्राणी. दिवसा अंगाचा गोळा करून, तोंड पोटात खुपसून झोपतो, म्हणून लाजाळू ठरला. त्यातही विनोद असा की तो घाबरला की दोन्ही हात डोक्यावर नेतो. व्हिडिओत बघणाऱ्याला वाटतं, कित्ती गोड, गुदगुल्या झाल्या वाटतं! प्रत्यक्षात कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव तोंडात घेऊन तो लाळेत मिसळायची तयारी करत असतो. नरवानर गणात चाव्यातून विष देणारा एवढाच काय तो माहीत आहे. ह्याला लाज म्हणायची तर कठीण आहे बाप्पा.

मुलीच्या चित्रातला स्लेंडर लोरिस दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत राहतो. वीतभर अंग, पाव किलोच्या आसपास वजन. 'स्लेंडर'ला पाठ्यपुस्तकी मराठीत सडपातळ म्हणतात, पण सडपातळ ही तारीफ झाली. याला शब्द काटकुळा, किंवा आपला लुकडा. तोही लाजत नाही. त्याचे डोळे अंधारासाठी घडलेले आहेत. डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, विजेरीच्या झोतात ते निखाऱ्यासारखे चमकतात. दिवसाचा लख्ख उजेड त्यांना नकोच असतो, म्हणून तो झुडपात दडतो. रात्री मात्र दबकत दबकत किड्यापर्यंत जातो आणि दोन्ही हातांनी झडप घालतो. हातापायांना स्वतःचंच मूत चोळतो. पिल्लू थोडं मोठं झालं की आई त्याला फांदीला धरवून चरायला निघून जाते. पिल्लंही तासन् तास तशीच चिकटून राहतात.

तमिळमध्ये त्याचं नाव 'देवांगु', आणि एखाद्या हडकुळ्या, डोळे वटारलेल्या माणसालाही तिथे चिडवून देवांगु म्हणतात. कन्नडमधलं नाव मला सर्वांत देखणं वाटतं: 'काडुपाप'. काडु म्हणजे रान, पाप म्हणजे लहान बाळ (आपल्या पापाशी संबंध नाही, घाबरू नका). गंमत म्हणजे आफ्रिकेतल्या गॅलॅगोला, म्हणजे लोरिसच्याच चुलतभावाला, इंग्रजीत बुशबेबी म्हणतात. शब्द दोन खंडांवर, कल्पना एकच.

मग मराठीत 'रानबाळ' करावं का? मोह होतो. मारुती चितमपल्लींनी पाणपक्ष्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हटलं आणि तो शब्द रुजला; पण नवेगावबांधच्या तळ्याकाठी ती वस्ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. विदर्भाच्या जंगलात लोरिस नाही, आपल्या कुणा आजीने त्याची शीळ ऐकलेली नाही. ज्याला बघितलं नाही त्याचं बारसं करायची घाई कशाला? तमिळनाडूने २०२२ मध्ये करूर आणि दिंडिगल जिल्ह्यांत कडवूरला खास त्याच्यासाठी अभयारण्य केलं. तिथले लोक त्याच्याशी बोलतात त्या नावाने बोलतात, आपण लोरिस म्हणू.

लिंग विचारलंत नाही, पण वहीत अडणारच. गिबन, लेमूर, गोरिला सगळे पुल्लिंगी चालतात, म्हणून 'तो लोरिस'. अनेकवचनही 'लोरिस'च: दोन लोरिस. 'लोरिसाचे डोळे' व्याकरणाला धरून असलं तरी कानाला 'लोरिसचे' बरं वाटतं, जसं आपण 'ऑफिसचे' म्हणतो. तर बाईंनी खोडलेलं राहू द्या आणि बाजूला पोरीकडून लिहून घ्या: 'काटकुळा लोरिस. नरवानर गणातला निशाचर प्राणी. दिवसा झोपतो.' आजोबांना 'निशाचर' चालत नसेलच, तर 'रात्री हिंडणारा'.