वर्षभर टेनिस शिकल्यावर प्रौढांच्या हौशी लीगमध्ये नाव नोंदवावे का, आणि कोणत्या स्तरावर?

वर्षभर प्रशिक्षकाकडे शिकूनही आपण एकही सामना खेळलेला नाही आणि म्हणून लीगमध्ये उतरायला संकोच वाटतो, असे आपण लिहिले आहे. नाव अवश्य नोंदवा. सामन्याची सवय सामने खेळूनच होते. मात्र स्तर निवडताना घाई करू नका.

अनेक लीगमध्ये खेळाडूने सुरुवातीला आपला स्तर स्वतःच ठरवायचा असतो. अमेरिकेतील एनटीआरपी ही मापनपद्धत 1.0 पासून 7.0 पर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाने चढत जाते आणि तिच्यात 3.0 चा खेळाडू मध्यम वेगाच्या चेंडूवर बऱ्यापैकी सातत्य राखतो, पण दिशा आणि खोली यांवर त्याचा पुरेसा ताबा नसतो. हे वर्णन वाचताना सरावातील रॅलीवरून स्वतःला जोखू नका, कारण प्रशिक्षक आपल्याला मारायला सोपा जाईल असा चेंडू देतो, तर प्रतिस्पर्धी आपण जिथे नसतो तिथे मारतो. मी स्वतः चांगल्या फोरहँडच्या भरवशावर वरचा स्तर निवडला आणि पहिल्या हंगामातील बहुतेक गेम डबल फॉल्टमुळे, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकल्यामुळे, गमावले. तेव्हापासून नव्या खेळाडूला मी एकच विचारतो: दडपण असताना दुसरी सर्व्हिस दहापैकी किती वेळा आत पडते? सात-आठ वेळा पडत नसेल, तर खालच्या स्तरावरून सुरुवात करणे आपल्याही आणि जोडीदाराच्याही हिताचे आहे.

जोडीदाराचा उल्लेख मुद्दाम केला, कारण अशा लीगमध्ये दुहेरीला मोठे स्थान असते. दुहेरीत कोर्टची रुंदी 8.23 मीटरवरून 10.97 मीटर होते, पण ती दोघांत विभागली जाते. त्यामुळे धावण्यापेक्षा कुठे उभे राहावे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. नेटजवळची व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि सर्व्हिसचा तिरका परतावा, या दोन गोष्टींचा सराव आतापासूनच वाढवा.

नवख्या खेळाडूला सर्वांत अवघड जाते ते पंच नसणे. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे आपणच ताबडतोब आणि स्पष्ट आवाजात सांगायचे असते. चेंडूचा रेषेला निसटता स्पर्श झाला तरी तो आत असतो, आणि बाहेर पडल्याची खात्री नसेल तर निर्णय प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने द्यावा लागतो. जोडीदारांचे मत जुळले नाही, तरीही गुण समोरच्यांनाच जातो. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणापूर्वी गुणसंख्या मोठ्याने सांगितली, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

गुणपद्धती मात्र लीगनुसार बदलते. कुठे तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक असतो, तर कुठे ड्यूसनंतर (40-40 अशा बरोबरीनंतर) एकाच गुणावर गेम संपतो आणि त्या वेळी सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची, हे परतावा करणारी जोडी ठरवते. पहिल्या सामन्याआधी संघाच्या कर्णधाराला हे विचारून घ्या आणि आपण कोणकोणत्या दिवशी खेळू शकणार नाही, तेही त्याच वेळी कळवा, म्हणजे त्याला बदली खेळाडूची सोय वेळेत करता येईल.