सुईदोरा : कापायचंच तर कापड कापा

गेल्या अंकात जुन्या लेसच्या रुमालांविषयी, म्हणजे टेबलावर किंवा फुलदाणीखाली घालतो त्या डॉयलींविषयी, मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर खूप पत्रं आली. बहुतेकांना एकाच गोष्टीची घाई झालेली दिसते, ती म्हणजे कात्री लावायची. म्हणून आज नेहमीपेक्षा कमी प्रश्न घेतले आहेत आणि उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : ताई, आजीच्या पेटीत तेवीस रुमाल सापडले. काही बशीएवढे, काही ताटाएवढे. सगळे पिवळे पडलेत, घड्यांवर तपकिरी रेघा आहेत आणि तिघांवर लालसर ठिपके. ब्लीचमध्ये बुडवू का? पुढे त्यांचं काय करता येईल?

उत्तर : ब्लीच नको. क्लोरीनच्या ब्लीचने पिवळेपणा जाईल, पण सूत कमकुवत होईल, आणि ते लालसर ठिपके गंजाचे असतील तर ते आणखी पक्के बसतील.

आधी एकेक रुमाल उलटा करून उजेडासमोर धरा. मधल्या कड्यापासून फेऱ्या बाहेर गेल्या असतील आणि साखळ्या, खांब (म्हणजे उभे टाके) मोजता येत असतील तर तो क्रोशा, म्हणजे आकडीच्या सुईने केलेलं विणकाम. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. एका ओळीत बसवलेल्या बारीक गाठी आणि त्यांतून निघालेले छोटे कान दिसले तर ते टॅटिंग, म्हणजे दोऱ्याला हाताने गाठी घालत केलेली लेस. उलट्या बाजूला भरतकामासारखे दाट टाके आणि जागोजागी तुटक्या धाग्यांचे केस दिसले तर लेस यंत्रावरची. धागा कशाचा आहे हे कळत नसेल तर काठाचा एखादा सुटा तंतू चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख मऊ उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. एवढी चौकशी धुण्याआधी करायची, कारण पुढे सांगते ती पावडर सुताला आणि लिननला चालते, रेशमाला नाही. रंगीत धागा असेल तर तो ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून पाहा. फडक्यावर रंग उतरला तर तो रुमाल वेगळा ठेवा.

आता धुणं. पसरट भांड्यात साधं गार पाणी घ्या, रुमाल जाळीच्या पिशवीत घाला आणि नुसता भिजू द्या. पहिलं पाणी तपकिरी निघेल. सूत जुनं होताना त्यात साठलेलं आम्ल आणि जुनी खळ त्यात उतरते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. अर्धे रुमाल एवढ्यानेच उजळतात. त्यानंतर सौम्य साबण. तरीही पिवळे राहिले तर कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर, विरघळवून काही तास भिजवा आणि खूप पाण्याने खळबळून काढा. नीळ घालण्याचा मोह होईल, पण निळीने पिवळेपणा जात नाही, फक्त डोळ्याला कमी दिसतो. गंजावर लिंबाचा रस आणि मीठ लावा, डाग फिका झाला की लगेच भरपूर पाण्याने धुवा. आम्ल आत राहिलं तर तिथेच धागा तुटतो. डाग जुना असेल तर गंजाने धागा आधीच खाल्लेला असतो आणि डागाच्या जागी भोक उरतं, ही तयारी मनात ठेवा.

ओला रुमाल कधीही टोकाला धरून उचलू नका. पाण्याच्या वजनानेच जाळी फाटते. तळव्यांवर उचला आणि टॉवेलवर ठेवून दाबा.

वाळवताना मी थर्माकोलवर पांढरा कागद लावते. त्यावर कंपासने पेन्सिलीचं वर्तुळ काढते आणि पोळीचे तुकडे पाडावेत तशा बारा रेघा. शाईचं पेन घेऊ नका, ओल्या लेसमध्ये शाई उतरते. वर पातळ पारदर्शक प्लास्टिक. पहिली न गंजणारी टाचणी मधल्या कड्यात, मग समोरासमोरच्या कंगोऱ्यांना एकेक. वर लावली की खाली, डावीकडे लावली की उजवीकडे. एका बाजूने ओढत गेलात तर गोलाचा अंड्यासारखा आकार होतो आणि तो वाळल्यावर तसाच राहतो. खळ लावायची तर वापरायच्या वेळी लावा. ठेवणीतल्या रुमालाला खळ असली की कसर लागते, आणि घड्यांवर रेघाही पडतात. म्हणून घडी न घालता पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. तुमच्या तेवीसांपैकी जे धडधाकट निघतील त्यांच्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : उशीच्या अभ्र्यावर रुमाल लावला. मशीनने गोल टीप मारली. पहिल्याच धुण्यात अभ्रा आवळला आणि रुमालाला फुगे आले. चूक कुठे झाली?

उत्तर : लेस कित्येकदा धुतलेली असते, तिला आटायचं तेवढं ती आटून बसलेली असते. तुमचं कापड नवं होतं. खालचं कापड दोनदा धुऊन, इस्त्री करूनच घ्यायचं. रंग लेसपेक्षा गडद असू द्या, म्हणजे जाळी उठून दिसते. पांढऱ्यावर पांढरं लावलं तर इतकी मेहनत दिसतच नाही.

दुसरं म्हणजे मशीनची टीप. मशीनची सुई धाग्याच्या बाजूने जायचं की धाग्यातून, हे बघत नाही. जुन्या सुतात ती घुसली की धागा चिरतो, आणि तो तुटलेला कळतो पुढच्या वर्षी. म्हणून हाताने शिवा. मांडीवर घेऊन नाही, टेबलावर सपाट ठेवून. कच्चा धावदोरा मध्यापासून काठाकडे, चाकाच्या आऱ्यांसारखा घाला. मग पक्के टाके : सुई कापडातून धाग्याच्या अगदी शेजारी वर काढायची, धाग्यावरून पलीकडे न्यायची आणि पुन्हा कापडात घालायची. धागा सुईने फोडायचा नाही, त्याला नुसतं बांधायचं. प्रत्येक कंगोऱ्याच्या टोकाला एक टाका, कंगोऱ्यांच्या मधल्या खाचेत एक, मधल्या कड्याला सहा-सात आणि मोठा रुमाल असेल तर मधल्या एका फेरीवर पुन्हा एक गोल. एवढ्याने तो घट्ट बसतो.

शिवायला मी बारीक सुती दोरा घेते, पॉलिएस्टरचा नाही. ताण आला तर शिवणीचा टाका तुटावा, लेस तुटू नये. टाका परत घालता येतो. आणि उद्या अभ्रा विरला, तर टाके उसवून रुमाल जसाच्या तसा सुटतो. याच विचाराने मी प्रत्येक वस्तू शिवते. कापड दहा वर्षांचं असतं, लेस त्याहून कितीतरी जास्त जगते.

प्रश्न : मावशी, भाचीच्या फ्रॉकला गळ्यापाशी लेसचा अर्धगोल हवा आहे. रुमाल मधोमध कापून झिगझॅग मारली तर चालेल ना?

उत्तर : मी हे केलं आहे, म्हणून सांगते. एकोणीस वर्षांची असताना आत्याने विणलेला अननसाच्या नक्षीचा रुमाल मी अर्धा कापला आणि एका टॉपच्या दोन बाह्यांना लावला. झिगझॅगही मारली होती. चौथ्या-पाचव्या धुण्यात कापलेल्या काठाचे खांब एकेक करून सुटू लागले. क्रोशाच्या गोलात प्रत्येक फेरी आधीच्या फेरीत अडकलेली असते. मधून कापलं की वीस फेऱ्यांची वीस तोंडं एकदम उघडी पडतात. मी काठाला पट्टी लावली, पट्टीच्या आतून सुटू लागलं. आत्या तोवर गेली होती. तिच्या हातचा तो एकच रुमाल माझ्याकडे होता. त्याचे उरलेले तुकडे अजून जपून ठेवलेत, पण त्यांचा रुमाल होत नाही.

तेव्हा कापायचंच तर कापड कापा. फ्रॉकच्या पुढच्या भागावर, शिवण घालण्याआधी, अख्खा रुमाल ठेवा. गळ्याचं वळण रुमालाच्या काठाला जवळ येईल असा सरकवून बघा. काठाने वर सांगितल्याप्रमाणे टाके घाला. मग उलट्या बाजूने, लेसखालचं कापड टाक्यांच्या आत एक सेंटिमीटर सोडून कापा, त्या पट्टीला बारीक चिरा द्या, मागे दुमडा आणि हेम घाला. कात्री चालवताना लेस आणि कापड यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा, म्हणजे चुकूनही लेस कात्रीत येणार नाही. समोरून जाळी आरपार दिसते. लहान मुलीची बोटं अडकू नयेत म्हणून मागून मऊ मलमलीचं अस्तर द्या.

अर्धगोलच हवा असेल तर रुमालाची घडी घाला. दुहेरी अर्धगोल पिशवीच्या तोंडाशी शिवणीत धरला की सुंदर झाकण होतं, फ्रॉकच्या कडेला लावला की खिसा. फ्रॉक लहान होईल तेव्हा रुमाल सोडवून मुलीला परत द्या.

प्रश्न : रुमाल साखरेच्या पाकात बुडवून वाटीसारखे कडक करतात म्हणे. करू का?

उत्तर : पाकाला मुंग्या लागतात आणि दमट हवेत तो चिकट होतो. पांढरा हस्तकलेचा गोंद, म्हणजे पीव्हीए, समप्रमाणात पाणी घालून वापरतात, पण एकदा वाळला की तो जुन्या सुतातून पूर्ण निघत नाही. म्हणून हे नव्या, यंत्रावरच्या रुमालांवर करा. हातच्या रुमालाला दाट खळ लावा आणि उलट्या वाडग्यावर वाळवा. आकार तितका कडक येत नाही, पण धुतल्यावर रुमाल परत मिळतो.

प्रश्न : मध्ये लिननचं कापड आणि भोवती विणलेला काठ असा रुमाल आहे. कापड विरलंय, काठ शाबूत आहे. शिवाय दुसऱ्या एका क्रोशाच्या रुमालाला बाहेरच्या दोन पाकळ्या तुटल्यात.

उत्तर : पहिल्याचं काम आनंदाचं आहे. अशा रुमालात मधलं कापड नेहमी आधी जातं. काठ सोडवण्याआधी रुमाल कागदावर ठेवून कापडाच्या कडेची रेघ आखून घ्या, नाहीतर नवं कापड किती मोठं ते कळणार नाही. मग काठ कापडाला जिथे धरला आहे तिथले टाके उजेडात, एकेक करून, बारीक टोकाच्या कात्रीने तोडा. काठ कापडातच विणलेला असेल, म्हणजे पहिली फेरी कापडाला भोकं पाडून घातली असेल, तर तो सोडवू नका. कापडाची तीन-चार मिलिमीटरची कड ठेवून बाकीचं कापा आणि नवं कापड त्या कडेखाली घेऊन बारीक टाक्यांनी जोडा. नव्या कापडाची कड एक सेंटिमीटर जास्त ठेवा, दुमडायला.

दुसऱ्यासाठी धाग्याचा आधी मेळ बसवा. क्रोशाच्या धाग्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक : दहा नंबर जाड, साठ बारीक, शंभर तर केसासारखा. जुन्या धाग्याशेजारी नवा ठेवून दोन्ही एकत्र पिळा. जाडी सारखी असेल तर पीळ एकसंध दिसतो. चमकही बघा. सुताला रेशमासारखी चमक देणारी प्रक्रिया जॉन मर्सर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलं, पण चमक आली ती १८९० च्या सुमारास, होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा. त्यामुळे तुमच्या रुमालाचा धागा निस्तेज असेल तर नवा चमकदार धागा त्यात ठिगळासारखा दिसेल.

गोल रुमाल मध्यापासून बाहेर विणतात, म्हणून शेवटचं टोक बाहेरच्या काठाला असतं. तुमचं नशीब चांगलं, तूटही तिथेच आहे. उघड्या पडलेल्या प्रत्येक खांबाच्या डोक्यात आधी रंगीत दोरा ओवून ठेवा, म्हणजे सुटणं थांबेल. मग शाबूत पाकळी भिंगाखाली धरा, साखळ्या आणि खांब मोजून कागदावर लिहा, आणि त्या हिशोबाने तेवढ्याच दोन पाकळ्या घाला. पहिल्यांदा तुमचा हात घट्ट किंवा सैल पडेल. विणणारीचा हात कसा होता ते तीन-चार वेळा उसवल्यावर कळतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. ती साखळी सैल घालायची की खांब ओढून उंच करायची, हे तिच्या मागोमाग विणताना सापडत जातं.

प्रश्न : मला शिवता-विणता येत नाही. पण आईचे रुमाल आहेत. फ्रेम करू?

उत्तर : करा, पण गोंदाने चिकटवू नका. धुतलेल्या सुती कापडावर दहा-बारा टाक्यांनी अडकवा, एवढं कुणालाही जमतं. काच लेसला टेकू देऊ नका, मध्ये पट्टी घाला. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, उन्हाने सूत ठिसूळ होतं.

आणखी एक गोष्ट करून बघा. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी सायनोटाइप ही छपाई शोधली. तिचं रसायन लावून वाळवलेलं सुती कापड तयार मिळतं. ते मंद उजेडात उघडा, वर स्वच्छ पारदर्शक कागद, त्यावर रुमाल, त्यावर काच. कागद विसरू नका, रसायनाचा डाग लेसवरून निघत नाही. मग सगळं उन्हात ठेवा. उघड्या कापडाचा रंग हिरवटाचा करडा झाला की आत आणा, रुमाल उचला आणि कापड वाहत्या पाण्यात धुवा. गडद निळ्यावर आईचा प्रत्येक टाका पांढरा उमटतो. हे कापड पुढे कधीही धुण्याच्या सोड्यात घालू नका, निळा रंग उडतो. एका रुमालाचे असे कितीही ठसे निघतात. भावंडं चार आणि रुमाल एक, असं एका वाचकाने कळवलं होतं, त्यांनाही हेच उत्तर. उशीचे चार अभ्रे त्या निळ्या कापडाचे होतील आणि रुमाल अख्खा राहील.