बोंड टिचवून बघ

प्रिय मुली,

तुझा परवाचा फोन अजून डोक्यातून गेलेला नाही. शीतगृहातल्या कामगारांसाठी केळी साठवण्यावरचा ऑनलाइन धडा तू बनवते आहेस, त्यावर आपण बोलत होतो. "सर, केळी असो की बँकेचं केवायसी, आपल्याला काय फरक पडतो? आशय तज्ज्ञ देणार, आपण स्टोरीबोर्ड, म्हणजे धड्याचा चित्रांसकट आराखडा, करायचा," असं तू म्हणालीस. मी गप्प राहिलो, कारण मीही बरीच वर्षं असंच काम केलंय आणि त्याची झळ दुसऱ्यांना बसली आहे.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं एक मॉड्यूल, म्हणजे छोटा धडा, माझ्याकडे आलं होतं. शेतकऱ्यांनी मोबाइलवर बघायचं. तज्ज्ञांच्या स्लाइडवर लिहिलं होतं, '१० टक्के प्रादुर्भाव आढळताच फवारणी'. मी तो आकडा मोठा केला, शेजारी भोक पडलेल्या बोंडाचं चित्र लावलं, शेवटी चार प्रश्नांची क्विझ टाकली. वेळेत काम झालं, सगळे खूश. हे १० टक्के शेतात मोजायचे कसे, हे मी विचारलं नाही. कपाशीत मला रसच नव्हता, तर प्रश्न पडणार कुठून?

त्याच हंगामात पारोळ्याकडच्या एका शेतात जाणं झालं. तिथल्या मावशींनी ते मॉड्यूल मन लावून पाहिलं होतं. रोज सकाळी त्या भोकाची बोंडं शोधत फिरल्या, एकही दिसलं नाही, म्हणून फवारणी केली नाही. माझ्यासमोर त्यांनी एक हिरवंगार, टवटवीत बोंड तोडलं, भुईमुगाची शेंग फोडावी तसं अंगठ्याने टिचवलं आणि माझ्यापुढे धरलं. "वरतून काय दिसस, भाऊ?" आत पिवळा पडलेला कापूस आणि सरकीला चिकटलेली गुलाबी अळी. ही अळी अंड्यातून निघाल्या निघाल्या बोंडात शिरते आणि तिच्या शिरण्याचं भोक बुजून जातं. डोळ्यांना दिसणारं गोल भोक पडतं ते अळी पूर्ण वाढून बाहेर निघताना, म्हणजे आतलं खाऊन झाल्यावर. मी लोकांना नेमकं तेच भोक शोधायला लावलं होतं. सांगायला हवं होतं ते किती सोपं होतं बघ: शेतात फिरून २० हिरवी बोंडं तोडा, टिचवा, दोनांत अळी निघाली की १० टक्के झाले.

याचं खापर मी तज्ज्ञांवर फोडू शकत नाही. त्यांची स्लाइड बरोबर होती. बोंड टिचवणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते वेगळं सांगायला हवं, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. ते काढून घ्यायला समोर उत्सुक माणूस बसलेला लागतो. तो मी नव्हतो.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं होतं. विषय येणं आणि शिकवता येणं, या दोन्हींखेरीज हा विषय शिकताना माणूस कुठे अडखळतो याचंही एक वेगळं ज्ञान असतं. आपल्याकडे बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन' म्हणतात, ते याच्याच जवळचं. आपल्या कामात मात्र पद्धत तेवढी राहिली आणि आशय दुसऱ्याच्या फाइलमधून यायला लागला.

आता तुझ्या केळीकडे येतो. तू पाठवलेल्या क्विझमध्ये प्रश्न आहे, 'शीतगृहात केळी किती अंशांवर ठेवावी?' पर्याय १३, १७, २१, २५. कामगार १३ वर टिक करेल आणि पास होईल. पण त्याच्या मनात खरा गोंधळ आहे तो 'जितकं थंड, तितकं टिकेल' हा. द्राक्षांचं तसंच असतं, मग केळीचं का नाही? तुझ्या पर्यायांत ८ नाहीच! १३ च्या बराच खाली पारा गेला की केळीला थंडी बाधते, साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही. तुझी आई केळी फ्रीजमध्ये ठेवत नाही ना, ते याचसाठी. हे कारण ज्याला कळलं, तो रात्रपाळीत पारा १० वर उतरलेला दिसला तर कुणाला न विचारता धावेल. नुसता आकडा पाठ केलेला माणूस म्हणेल, बरंच झालं, अजून गार झालं.

केवायसीचंही तसंच आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

सध्या स्टोरीबोर्ड बाजूला ठेव. रावेर, सावद्याकडे कटाई चालू असेल तेव्हा एक अख्खा दिवस पॅकहाऊसमध्ये, म्हणजे केळी धुऊन खोक्यांत भरतात तिथे, काढ. घडाच्या फण्या करताना चीक कसा ओघळतो, तो धुतला नाही तर सालीवर डाग कसे राहतात, हे बघ. फण्या कापणाऱ्याला विचार, घड तयार झाला हे तो कशावरून ओळखतो. तो "असंच कळतं" म्हणेल. तेवढ्यावर उठू नकोस, त्याला दोन घड शेजारी ठेवून दाखवायला सांग.

जायचा दिवस ठरला की कळव. भुसावळहून मीही येतो.

तुझा,
सर