प्रोसेसरवर थर्मल पेस्ट किती लावायची?
पहिल्यांदाच पीसी जोडताय आणि पेस्टपाशी हात अडलाय, तर आधी कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याला थंड ठेवणारा भाग, उलटा करून बघा. बऱ्याच कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते. तसं असेल तर वरून आणखी लावू नका.

नसेल तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा एकच ठिपका. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. प्रोसेसर आणि कूलर, दोन्हींचे धातूचे पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यावर बारीक खाचा असतात. तिथे हवा अडकते आणि हवेतून उष्णता फारच कमी जाते. पेस्टचं काम त्या खाचा भरायचं, एवढंच. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येईल; नेहमीची पेस्ट वीजवाहक नसते, घाबरू नका. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरतात तो द्रवरूप धातू) मात्र वीजवाहक असतं, पहिल्या वेळी त्याच्या वाटेला जाऊच नका.

कूलर सरळ खाली टेकवा आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळा. आणि हो, त्याच्या तळावरची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म काढलीत ना? ती राहिली तर पेस्ट कितीही नीट लावा, प्रोसेसर तापणारच.

कूलर पुन्हा उचलावा लागला तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा.